बोटभर चित्राचा इतिहास
(गंजिफाच्या डबीपासून संगणकीय खेळांच्या दुकानापर्यंत)

नवरात्रात तुळजापूरला गेलेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. तासन्‌तास रांगेत उभे राहावे आणि गाभाऱ्यासमोर पोहोचल्यावर हाती यावेत ते मोजके क्षण. मागच्याचा धक्का लागतो, कोणीतरी ‘चला, पुढे चला’ म्हणते, आणि तेवढ्यात जे डोळ्यांत साठले तेच घेऊन घरी परतायचे. या दिवसांत देवीच्या विशेष अलंकार पूजा मांडतात. रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी अलंकार, भवानी तलवार अलंकार, महिषासुरमर्दिनी अलंकार. मूर्ती तीच, गाभारा तोच, पण रोज कथा निराळी. भवानी तलवार अलंकाराच्या दिवशी देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ते त्या दोन क्षणांत कळते. तलवारीची कथा इतिहास की आख्यायिका, हा वाद अभ्यासकांचा. ती कथा एका दृश्यात, एका नजरेत बसवण्याचे कसब मात्र निर्विवाद आहे.

हे आठवायचे कारण वेगळेच घडले. दोन वर्षांपूर्वी धाराशिवातला, ओळखीच्या घरातला एक तरुण माझ्याकडे आला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून संगणकावर खेळायचा एक खेळ तयार केला होता. पाठीशी कंपनी नाही, भांडवल नाही, नोकऱ्या सांभाळून रात्री केलेले तीन वर्षांचे काम. खेळाची पार्श्वभूमी आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यासारखी. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, पावसाळ्यात वरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, तो किल्ला. पाणी चढते आहे, आत एक मुलगी अडकली आहे, आणि दारे-झरोके उघडत-मिटत तिला वर आणायचे, एवढाच खेळ. मारामारी नाही, शत्रू नाही. शत्रू म्हणाल तर पाणी.

“सर, तुम्ही जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे जमवता, म्हणून विचारायला आलो,” तो म्हणाला. खेळ ज्या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवायचा तिथे त्याला एक मुखचित्र हवे होते. त्याने स्वतः काढलेले चित्र लॅपटॉपवर दाखवले. सगळा किल्ला, बुरूज, बांध, दोन्ही धबधबे, ढग आणि कोपऱ्यात ती मुलगी. चित्र खरोखर सुंदर होते. मग त्याने तेच चित्र दुकानाच्या यादीत जेवढे दिसते तेवढे लहान करून दाखवले. बोटभर जागेत किल्ला म्हणजे ओल्या भिंतीवरचा डाग वाटत होता. “मित्र म्हणतात, किल्ला काढून टाक आणि मुलीच्या हातात तलवार दे. तलवार खपते,” तो म्हणाला. “पण खेळात तलवारच नाही.”

त्या प्रश्नाला उत्तर देताना मला जे धुंडाळावे लागले, त्यातून हा लेख झाला.

१. डबीवरचे चित्र

खेळ विकायचा तर त्याच्या वेष्टनाने बोलले पाहिजे, ही गरज संगणकाने आणलेली नाही. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफा पाहाव्यात. गोल, हाताने रंगवलेली, लाखेचे लेपन केलेली पाने. दशावतारी गंजिफाच्या संचात अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. पानाची मागची बाजू सगळीकडे सारखी, कारण तिथे काही वेगळे दिसले तर खेळच संपला. पुढच्या बाजूला मत्स्य, कूर्म, वराह असे ओळखीचे आकार. पान तळहाताएवढेही नाही, म्हणून चित्रकाराने तपशील सोडून खूण धरलेली. मासा म्हणजे मासा, परशू म्हणजे परशुराम. खेळणाऱ्याने हातात पंख्यासारखी धरलेली पाने झरझर ओळखली पाहिजेत.

आणि हे सगळे ज्यात ठेवायचे ती लाकडी डबी, सरकत्या झाकणाची, तीही रंगवलेली. ही डबी म्हणजे आपल्याकडचे खेळाचे जुने मुखपृष्ठ म्हणायला हरकत नाही. झाकण सरकवण्याआधी आत काय आहे ते ती सांगते, आणि जे सांगते ते आत असते. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ विझली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात वृद्ध कारागिराकडून ती नव्या हातांत उतरवली, म्हणून आज आपल्याला ती पाहता येते. हा धागा पुढे पुन्हा लागेल. मुखचित्रे टिकतात ती आपोआप नाही, कोणीतरी टिकवली म्हणून.

२. पडदा, शिळा आणि भिंत

डबीतले चित्र हातात घेऊन पाहायचे. छापखान्याने चित्राला दुकानात आणि घराच्या भिंतीवर नेले. राजा रविवर्मांचा शिळाछाप छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. रंग वाढला की दगड वाढला, दगड वाढला की खर्च. त्यामुळे या चित्रांत काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा हिशेब कलेइतकाच पैशाचाही होता. लक्ष्मी, सरस्वती घराघरांत गेल्या त्या या हिशेबातून. त्याच छापखान्यासाठी काही काळ दादासाहेब फाळक्यांनी काम केले होते.

फाळक्यांनी चित्र हलते केले, पण हलत्या चित्राला गर्दी जमवणारे स्थिर चित्र दिले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. बाबूराव (१८९०–१९५४) आणि त्यांचे बंधू आनंदराव यांचा हात तयार झाला तो नाटकांच्या पडद्यांवर. पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट अंगवळणी पडते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसले नाही तर रंगवले काय नि न रंगवले काय. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बोलपटपूर्व चित्रपटांसाठी त्यांनी स्वतः पोस्टरे रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रमय पोस्टरांतले सर्वांत जुने मानले जाते. त्याआधी जाहिरात म्हणजे मुख्यतः मजकुराची हँडबिले. ती वाचायला थांबावे लागे, आणि वाचता यावे लागे. पोस्टरने दोन्ही अटी काढून टाकल्या.

इथे एक बारीक फरक ध्यानात घ्यायला हवा. नाटकाचा पडदा आत बसलेल्यासाठी असतो, त्याने तिकीट आधीच काढलेले असते. पोस्टर बाहेरच्यासाठी असते. ते रस्त्याने दुसऱ्याच कामाला निघालेल्या माणसाला अडवते. म्हणजे त्याला त्या माणसाचा वेळ मागून घ्यावा लागतो. आजच्या ऑनलाइन दुकानातले मुखचित्र याच जातीचे. पाहणारा त्याच्याकडे आलेला नसतो, तो शेजारच्या कशाकडे तरी निघालेला असतो.

३. दोरीला टांगलेले अंक

ज्या अंकात तुम्ही हे वाचत आहात त्याच्या परंपरेला १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरुवात केली. पुढे दिवाळी अंक वाढले तशी त्यांच्यातली स्पर्धाही वाढली, आणि ती मुखपृष्ठावर लढली गेली. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला चिमटे लावून वीस-पंचवीस अंक टांगलेले असत. गाडी लागायला पाच मिनिटे. उस्मानाबादच्या स्टँडवर मी लहानपणी पाहिलेले दृश्य असेच होते, आणि पैसे एकाच अंकापुरते असत.

या दोरीवरच्या लढाईचे दोन मोठे मानकरी गोव्याचे. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली स्वतःचे ‘दीपावली’ काढले आणि असंख्य पुस्तकांना मुखपृष्ठे दिली. दलालांची रेषा लयदार. आकृती एक, फार तर दोन, आणि भोवती मोकळी सपाट रंगाची जागा. ती मोकळी जागा वाया गेलेली नसे. आकृतीला उठाव द्यायला तीच लागे. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांचा मार्ग वेगळा, मऊ आणि झळाळत्या रंगांचा. देवदेवतांच्या कॅलेंडरांवरून ते घरोघरी पोहोचले, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरूनही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एवढ्या ढिगात ‘ही नवी आहे, आणि यात धोका आहे’ हे वाचकाला कळवायचे काम मुखपृष्ठाचे.

तिसरा मार्ग शि. द. फडणीसांचा. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावात १९२५ साली जन्मलेल्या या चित्रकाराने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकासाठी काढलेले मुखपृष्ठ जुन्या वाचकांना आठवत असेल. एक तरुण, एक तरुणी. याच्या शर्टावर मांजरांची नक्षी, तिच्या साडीवर उंदरांची. शब्द एकही नाही. फडणीसांची चित्रे भाषेची सीमा ओलांडून गेली ती याच कारणाने. मुखपृष्ठाने गोष्ट सांगावी, पण पुरी सांगू नये, हेही ते चित्र शिकवते. त्या दोघांचे पुढे काय झाले ते पाहणाऱ्याने ठरवायचे.

आणि चौथा मार्ग खट्याळ. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने खिडकीचित्रे रुजवली. मुखपृष्ठाला कापलेली खिडकी असते, तिच्यातून आतले जेवढे दिसते त्यावरून पाहणाऱ्याच्या मनात भलतेच काही येते, आणि पान उलटले की साधाच प्रकार निघतो. चावटपणा चित्रात नव्हता, आपल्या डोक्यात होता, हा त्यातला विनोद. हे मुखपृष्ठ उघड उघड फसवते. तरी वाचक चिडत नाही. का? याचे उत्तर मिळाल्याशिवाय आमच्या तरुण मित्राच्या तलवारीचा प्रश्न सुटणार नव्हता.

४. काडतुसावरचे खोटे

आता आपल्या गोष्टीत व्हिडिओ गेम येतो. १९७७ साली अमेरिकेत अटारीने घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र बाजारात आणले. पडद्यावर दिसायचे ते चौकोनी ठिपके. दोन ठोकळे म्हणजे रणगाडे, एक उडता ठिपका म्हणजे गोळा. खोक्यावर मात्र क्लिफ स्पॉन यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगवलेली भरगच्च दृश्ये: विमाने झेपावताहेत, रणगाडे धडधडताहेत, चालकाचा चेहरा ताणलेला. हे खोटे होते का? माझ्या मते नाही. ठोकळ्याकडे पाहून रणगाडा कल्पायला खेळणाऱ्याला जी मदत हवी होती, ती खोक्यावरचे चित्र पुरवत होते. शेंदूर फासलेल्या दगडात देव पाहणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे समजवायला नको.

पण आपल्याकडे हा खेळ ज्या रूपाने पोहोचला त्यात खोटे होतेच. नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या गावोगावी, जत्रेत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जपानी यंत्रांच्या स्वस्त नकला मिळत. त्यांत घालायची पिवळी-काळी प्लास्टिकची काडतुसे. त्यांवरच्या कागदी लेबलावर लिहिलेले असे ‘९९९९९९९ इन १’, आणि चित्र एखाद्या परदेशी सिनेमातल्या नायकाचे. आत पाच-सहा खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी यादीत भरलेले. माझ्या धाकट्या भावाने साठवलेल्या पैशांतून असेच एक काडतूस घेतले होते. लेबलावर ड्रॅगन होता. रात्रभर शोधले, ड्रॅगन काही निघाला नाही. दुकानदाराने परत घेतले नाही. भावाने त्यानंतर ते यंत्र माळ्यावर टाकले. त्याला राग पैशांचा नव्हता, ड्रॅगनची वाट पाहिल्याचा होता.

‘आवाज’ची खिडकी आणि ड्रॅगनचे लेबल यांतला फरक इथे उघड होतो. दोन्ही चित्रे फसवतात. पण खिडकीचित्रात फसवणूक हाच माल आहे. वाचक ती विकत घेतो आणि पान उलटताच ती त्याला मिळते. लेबलावरच्या ड्रॅगनमध्ये जे दाखवले ते कधीच मिळत नाही. मुखचित्राची खरी कसोटी ते वास्तवासारखे दिसते का ही नव्हे. ते ज्या भावनेचे वचन देते ती भावना आत भेटते का, ही आहे. अटारीच्या खोक्याने थराराचे वचन दिले आणि ठोकळ्यांनी तो थरार दिला.

उलट दिशेची चूकही होते. २००१ साली सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी ‘इको’ हा जपानी खेळ आला. शिंगे असलेला मुलगा एका मुलीचा हात धरून तिला अवाढव्य किल्ल्यातून बाहेर काढतो, एवढीच त्याची गोष्ट. दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी इटालियन चित्रकार ज्योर्जो दे किरिको यांच्या छायेत स्वतः मुखचित्र रंगवले: उन्हात तापलेल्या कमानी, लांब सावल्या, आणि त्या विस्तारात हातात हात धरून पळणाऱ्या दोन चिमुकल्या आकृत्या. जपानी आणि युरोपीय खोक्यांवर ते छापले गेले. अमेरिकेत मात्र वेगळे चित्र वापरले, मुलाचा मोठा चेहरा आणि मागे किल्ला, बाजारातल्या इतर दहा साहसखेळांसारखे. तिथली विक्री बेताची राहिली, आणि या मुखचित्राकडे त्याचे एक कारण म्हणून पुढे अनेकदा बोट दाखवले गेले. एकाकीपणा आणि सोबत यांचा खेळ साहसाच्या वेष्टनात घातला, तर ज्याला साहस हवे तो निराश होतो, आणि ज्याला सोबत हवी तो खोके उचलतच नाही. नुकसान दोन्हीकडून.

५. दुकान जेव्हा पडद्यावर येते

१२ सप्टेंबर २००३ रोजी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ‘स्टीम’ सुरू केले. आधी ते स्वतःच्या खेळांच्या सुधारणा पोहोचवण्याचे साधन होते, मग इतरांचे खेळ विकणारे दुकान झाले. २०१२ साली खेळाडूंच्या मतांवर नव्या खेळांना प्रवेश देणारी ‘ग्रीनलाइट’ ही व्यवस्था आली, आणि जून २०१७ पासून तिची जागा ‘स्टीम डायरेक्ट’ने घेतली: खेळामागे १०० डॉलर भरा आणि दुकान मांडा. धाराशिवातल्या तिघांना जगाच्या बाजारात उभे राहता येते ते यामुळे. पण दार सगळ्यांना उघडले की आत गर्दीही सगळ्यांची होते. एस.टी. स्टँडच्या दोरीवर पंचवीस अंक होते. इथे दर वर्षी हजारो नवे खेळ येतात.

या दुकानात मुखचित्राला ‘कॅप्सूल’ म्हणतात, आणि ते एक नसते. शीर्षभागाचे चित्र ९२० × ४३० ठिपक्यांचे, लहान पट्टी ४६२ × १७४, मोठे १२३२ × ७०६, उभे ७४८ × ८९६, खेळ विकत घेतल्यावर खेळाडूच्या संग्रहात दिसणारे ६०० × ९००. यातली लहान पट्टी काही याद्यांत आणखी आक्रसून १२० × ४५ ठिपक्यांवर येते. एकच कल्पना आडवी बसवायची, उभी बसवायची, आणि दाण्याएवढी झाली तरी ओळखू आली पाहिजे. गंजिफाच्या चित्रकाराला यात काही नवल वाटले नसते.

यातून कामाचे काही नियम निघतात, आणि ते आपल्या जुन्या चित्रकारांना पाठ होते. पहिला, आकृती एक, आणि तिची बाह्यरेषा काळ्या सावलीतही ओळखता यावी अशी. दुसरा, आकृती आणि मागची जमीन यांत उजेड-अंधाराचा स्पष्ट भेद. रंगाचा भेद पुरत नाही, कारण लहान आकारात रंग मिसळतात, उजेड-अंधार टिकतो. तिसरा, दुकानाची भिंत गडद निळी आहे, तेव्हा गडद निळे चित्र तिच्यात विरघळणार. शेजाऱ्यांचे रंग पाहून आपला रंग ठरवायचा. चौथा, नाव चित्रावर चिकटवलेले नको, त्याच्यासाठी जागा पहिल्या रेखाटनापासून राखलेली हवी.

या चौथ्या नियमात आपल्याला एक जास्तीची अडचण आहे. रोमन अक्षरे एका पट्टीत मावतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘दुर्ग’ एवढे छोटे नाव घ्या. वर रफार, खाली उकार. बुटक्या पट्टीत सगळे बसवायचे तर मूळ अक्षर निम्म्यावर येते, आणि १२० × ४५ मध्ये रफार गेला की ‘दुर्ग’चा ‘दुग’ होतो. यावर उपाय जुनाच आहे: अक्षर चित्रासारखे हाताने काढायचे. जुन्या नाटक-सिनेमांच्या जाहिरातींत शिरोरेषा तलवारीसारखी ताणलेली किंवा तोरणासारखी वाकवलेली दिसते, ती नुसती हौस नव्हती. शिरोरेषा जाड करून तीच नावाची ओळख करायची, उकार अक्षराच्या पोटात वळवायचा, जोडाक्षर आडवे मांडायचे. गूगल प्लेसारख्या मोबाइलच्या दुकानात मराठीसाठी वेगळे माहितीपान आणि वेगळी चित्रे देता येतात. तेव्हा हे कसब शिकण्यात अर्थ आहे.

दुकानानेही एक शिस्त लावली. कॅप्सूलवर पुरस्कारांचे बिल्ले, समीक्षकांचे तारे, ‘अमुक टक्के सवलत’ अशा पट्ट्यांची इतकी भर पडू लागली, की १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने नियम केला: चित्रावर फक्त खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक. बाकी मजकूर नको. शंभर वर्षांपूर्वी बाबूरावांनी हँडबिलातला मजकूर काढून चित्र ठेवले, तिथेच हा प्रवास पुन्हा आला.

या दुकानात मराठी मुलखातून गेलेले ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे सहसंस्थापक. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही. तरी खेळ पुरा झाला, ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. दृश्यशैली पहाडी चित्रकलेवरून आणि राजस्थानी वास्तूंवरून, मधली कथा छायाबाहुल्यांतून. डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ, आणि तिच्या हाती त्रिशूळ देणारी दुर्गा.

देवी कोणाच्या तरी हाती शस्त्र देते. तुळजापूरच्या भवानी तलवार अलंकाराचेच हे दृश्य, जगाच्या बाजारात निराळ्या वेषाने उभे राहिलेले. ‘राजी’च्या हाती त्रिशूळ शोभतो, कारण खेळभर ती तोच चालवते. वचन आणि माल एक आहेत. तोच त्रिशूळ, किंवा तीच तलवार, आमच्या पाणीमहालातल्या मुलीच्या हाती दिली असती तर ती लेबलावरचा ड्रॅगन झाली असती.

६. जे उरत नाही

मी त्या तरुणाला हे सगळे सांगितले, अर्थात इतक्या विस्ताराने नाही. तलवार नको, यावर त्याचे मन आधीच होते, त्याला फक्त आधार हवा होता. मग आम्ही दलालांची आणि फडणीसांची मुखपृष्ठे टेबलावर पसरली आणि ती मोबाइलवर लहान करकरून पाहिली. बहुतेक ओळखू येत होती. त्याने आठ दिवसांनी नवे चित्र आणले. किल्ला गेला होता. उरली होती पाणीमहालाची एक कमानदार खिडकी, तिच्यात पाठमोरी मुलगी, बाहेरून येणारा पिवळा उजेड आणि तिच्या कमरेपर्यंत आलेली पाण्याची एक सरळ, स्वच्छ रेघ. १२० × ४५ मध्येसुद्धा ती रेघ दिसत होती. उएदांच्या चिमुकल्या आकृत्या खोक्यावर चालल्या, या पट्टीत त्या हरवल्या असत्या. म्हणून मुलगी मोठी घेतली होती. पाणी अजून किती चढणार, हे चित्र सांगत नव्हते.

खेळ काही फार खपला नाही. ज्यांनी घेतला त्यांतल्या कोणी ‘फसवले’ म्हटले नाही, एवढे त्याने मला समाधानाने सांगितले. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा मुखचित्र बदललेले होते, नव्या आवृत्तीसाठी. जुने कुठे आहे, असे विचारले तर म्हणाला, “ते पुसून त्यावरच नवे टाकले ना, सर.”

इथे मला इतिहासाच्या विद्यार्थ्याची चिंता लागली. छापील मुखपृष्ठेही कमी हरवलेली नाहीत. वाचनालयांनी अंक बांधणीला देताना मुखपृष्ठे काढून टाकली, पोस्टरांवर पोस्टरे चिकटली. बाबूरावांच्या मूकपटांतले बहुतेक आज नाहीत. २००३ साली पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींना लागलेल्या आगीत आणखी बरेच गेले. तरीही कागद कुठेतरी उरतो. रद्दीच्या गठ्ठ्यात, ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर. माझा सगळा संग्रह रद्दीवाल्यांच्या कृपेनेच झाला आहे. पडद्यावरच्या दुकानाला मात्र रद्दीवाला नाही. तिथे नवे चित्र आले की जुने त्याच जागी, त्याच क्षणी नाहीसे होते, आणि कोणाला त्याची खबरही नसते. २०२३ साली आमच्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. तरी जुन्या पावत्यांवर, सातबाऱ्यावर, पोस्टाच्या शिक्क्यांवर आधीचे नाव आहेच. उद्याचा अभ्यासक दोन्ही वाचील. खेळाच्या दुकानात तशी पावती उरत नाही.

म्हणून एक साधी विनंती. असे खेळ करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी प्रत्येक मुखचित्राची एक प्रत, चित्रकाराचे नाव आणि तारीख लिहून, कागदावर छापून ठेवावी. दलालांची सही मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात असे, म्हणून आज आपण ती ओळखतो. पडद्यावरच्या बोटभर चित्रात सहीला जागा नसते.

त्या तरुणाकडून मी पहिल्या चित्राची एक छापील प्रत मागून घेतली. नशिबाने ती त्याच्या मित्राच्या फोनमध्ये उरली होती. मागे त्याच्याकडून त्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून घेतली, आणि १९५० च्या आसपासच्या ‘दीपावली’च्या एका मुखपृष्ठाशेजारी ती चिकटवली. दोन्हींत एकेक बाई खिडकीशी उभी आहे.